‘रुबेर’चे गोत्र : लोहारापासून रुबेलापर्यंत

मे महिना संपत आला की अंबड तालुक्यातील शेतकऱ्याचे लक्ष पंचांगातील रोहिणी नक्षत्राकडे लागते. मृगाच्या पेरणीपूर्वी पाभर, कोळपी, विळे दुरुस्त करून घ्यायचे असतात, म्हणून लोहाराची आठवण होते. बाजारात तलावांतला रोहू विकायला येतो. आणि घरात नऊ-दहा महिन्यांचे मूल असेल, तर अंगणवाडीतून गोवर-रुबेलाच्या लसीचा निरोप येतो. रोहिणी, लोहार, रोहू आणि रुबेला हे चार शब्द या परिसरातील कोणत्याही घरात वर्षभरात कधी ना कधी उच्चारले जातात. एक आकाशातला, एक गावगाड्यातला, एक पाण्यातला आणि एक दवाखान्यातला. त्यांच्यात काही नाते असेल, अशी शंकाही सहसा कोणाला येत नाही.

तरीही नाते आहे, आणि तेही रक्ताचे. पहिले तीन शब्द संस्कृतातून मराठीत आले. चौथा लॅटिनमधून इंग्रज डॉक्टरांच्या हातून आला. पण चौघांचेही मूळ एकच, आणि त्या मुळाचा अर्थ ‘तांबडा’ असा आहे. लॅटिन भाषेत या मुळापासून ‘रुबेर’ हा शब्द झाला. रोमन माणूस लाल रंगाला रुबेर म्हणत असे. या रुबेरचे पूर्वज कोण, त्याची भावंडे कुठे कुठे विखुरली आणि त्याच्या वंशजांपैकी कितीजण आज आपल्या बोलण्यात वावरतात, हे पाहिले म्हणजे रंगांची नावे कशी जन्मतात आणि कशी झिजतात, याचाही उलगडा होतो.

<b>एक मूळ, अनेक घराणी</b>

संस्कृत, ग्रीक, लॅटिन, इराणी, जर्मानिक, स्लाव्ह या भाषांचे एक कुटुंब आहे, हे आता सर्वमान्य झाले आहे. या कुटुंबाची मूळ भाषा लिहून ठेवलेली कोठेही सापडलेली नाही. तिच्या मुलींच्या शब्दांची तुलना करून अभ्यासकांनी तिचे शब्द अनुमानाने उभे केले आहेत. तांबड्या रंगासाठी त्यांनी उभे केलेले मूळ साधारणपणे ‘रेउध्’ असे आहे. संस्कृतात त्याचे ‘रुधिर’ झाले. हा शब्द आज आपण केवळ रक्त या अर्थी वापरतो, पण त्याचा जुना अर्थ ‘तांबडा’ असाच होता. ग्रीक भाषेत ‘एरिथ्रोस’, इंग्रजीत ‘रेड’, जर्मनमध्ये ‘रोट’, लिथुआनियन भाषेत ‘राउदोनास’ आणि लॅटिनमध्ये ‘रुबेर’ अशी त्याची रूपे झाली.

येथे चौकस वाचक विचारील, की ‘रुधिर’मधला ‘ध’ लॅटिनमध्ये ‘ब’ कसा झाला? हे केवळ ओढूनताणून जुळविणे तर नव्हे? भाषाशास्त्राची खरी कसोटी येथेच लागते. ध्वनी बदलतात ते लहरीप्रमाणे बदलत नाहीत, नियमाने बदलतात. एका शब्दात जो बदल झाला, तो त्याच परिस्थितीतील दुसऱ्या शब्दातही दिसला पाहिजे. गाईच्या कासेचा शब्द घ्या. वैदिक भाषेत तो ‘ऊधर्’, इंग्रजीत ‘अडर’, आणि लॅटिनमध्ये ‘ऊबेर’. ‘रुधिर’ला इंग्रजीत ‘रेड’ आणि लॅटिनमध्ये ‘रुबेर’ ही जोडी जशी मिळते, तशीच ‘ऊधर्’ला ‘अडर’ आणि ‘ऊबेर’ ही मिळते. संस्कृतात ध, इंग्रजीत ड, लॅटिनमध्ये ब. अर्थाने एकमेकांशी काडीचा संबंध नसलेल्या दोन शब्दांत ध्वनींची घडण अशी जुळते, तेव्हा तो योगायोग राहत नाही.

संस्कृतातील शब्दांची आणखी एक गंमत आहे. ‘रुधिर’मध्ये मूळचा ‘ध’ टिकला, पण त्याच्याच भावंडांत तो झिजून ‘ह’ झाला. त्यातून ‘रोहित’ म्हणजे तांबडा हा शब्द आला. रोहितचे स्त्रीलिंगी रूप ‘रोहिणी’. रोहिणी नक्षत्रातील ठळक तारा पाहणाऱ्याला त्याचे कारण सांगावे लागत नाही. पाश्चात्त्य खगोलशास्त्र ज्याला अल्डेबरान म्हणते, तो हा तारा नुसत्या डोळ्यांनाही स्पष्टपणे तांबूस-नारिंगी दिसतो. रोहित याच नावाचा मासा पुढे ‘रोहू’ झाला. १८२२ साली फ्रान्सिस हॅमिल्टन याने गंगेतील माशांवर ग्रंथ लिहिला, तेव्हा या माशाला शास्त्रीय नाव देताना त्याने ‘रोहिता’ हाच शब्द घेतला. माशाच्या आकाराच्या टेकडीवर जिचे देऊळ आहे, त्या मत्स्योदरी देवीच्या अंबडमध्ये हा शब्द परका वाटण्याचे कारण नाही. संस्कृतात र आणि ल यांची अदलाबदल सहज होते. त्यामुळे रोहितचा जुळा भाऊ ‘लोहित’ आणि त्यांचाच निकटचा नातलग ‘लोह’.

<b>लोह आधी तांबडे होते</b>

लोखंड काळे किंवा करडे असते. मग त्याला ‘तांबडा’ या अर्थाचे नाव कसे मिळाले? उत्तर असे, की ते नाव मुळात लोखंडाचे नव्हतेच. लोह म्हणजे तांबडा धातू, म्हणजेच तांबे. महाराष्ट्रातील देवळांत रुद्राबरोबर जे चमक म्हटले जाते, त्यात धातूंची एक यादी आहे. तिच्यात ‘श्याम’ आणि ‘लोह’ अशी दोन नावे वेगवेगळी येतात. श्याम म्हणजे काळा धातू, अर्थात लोखंड, आणि लोह म्हणजे तांबडा धातू, असा त्यांचा अर्थ लावला जातो. पुढे लोखंडाचा वापर वाढला. लोह हा शब्द आधी धातूमात्राला आणि मग सर्वांत उपयोगी धातूला लागू झाला. रंग मागे पडला आणि नाव धातूला चिकटून राहिले.

हे केवळ आपल्याकडे घडले असे नाही. रशियन भाषेत कच्च्या खनिजाला ‘रुदा’ म्हणतात. तो शब्दही याच तांबड्या मुळाचा मानला जातो. फिनलंडची भाषा आपल्या भाषाकुटुंबातील नाही, तरी तेथे लोखंडाला ‘राउता’ म्हणतात. शेजारच्या जर्मानिक भाषांतून तो उसना घेतलेला शब्द आहे आणि त्याचा मूळ अर्थ दलदलीत सापडणारे तांबडे खनिज असा होता. गोदावरीच्या खोऱ्यात आणि बाल्टिक समुद्राच्या काठी, एकमेकांचे नावही ठाऊक नसलेल्या लोकांनी एकाच रंगाच्या मुळापासून एकाच धातूचे नाव घडविले.

‘लोहखंड’वरून लोखंड झाले आणि ‘लोहकार’वरून लोहार. भाता, ऐरण, सांडशी घेऊन गावाचे फाळ पाजविणारा लोहार हा गावगाड्यातील महत्त्वाचा बलुतेदार. १ मे १९८१ रोजी तत्कालीन औरंगाबाद आणि परभणी जिल्ह्यांतील भाग घेऊन जालना जिल्हा झाला. आज त्या जालन्याची ओळख बांधकामाच्या सळ्या तयार करणाऱ्या पोलाद कारखान्यांमुळे दूरवर पोचली आहे. भात्याच्या जागी भट्टी आली, बलुत्याच्या जागी मजुरी आली. शब्द मात्र तोच राहिला, आणि त्या शब्दाच्या पोटात एक तांबडा रंग कोणाच्याही लक्षात न येता तसाच राहिला.

आता मराठीची गोष्ट पाहा. ‘लोह’ धातूकडे गेला, ‘रुधिर’ रक्ताकडे गेला, ‘रोहिणी’ आकाशात गेली, ‘रोहू’ पाण्यात गेला. मग प्रत्यक्ष रंगाला काय म्हणायचे? मराठी माणसाने त्याच तांबड्या धातूकडे पुन्हा पाहिले. आता तांब्याचे नाव ‘ताम्र’ होते. त्यावरून ‘तांबडा’ हा शब्द घडला. म्हणजे आधी रंगाने धातूला नाव दिले, आणि मग धातूने रंगाला नाव दिले. रंगांच्या शब्दांचा सारा इतिहास या एका देवघेवीत सामावलेला आहे. वस्तूंची नावे ठेवता ठेवता रंगाचा शब्द खर्ची पडतो आणि नवा शब्द पुन्हा एखाद्या वस्तूकडूनच मागून आणावा लागतो.

<b>गव्हावरचा तांबेरा आणि रोमची रोबिगालिया</b>

ही देवघेव सर्वांत स्पष्ट दिसते ती गव्हाच्या शेतात. जायकवाडीच्या डाव्या कालव्यावर किंवा विहिरीवर रब्बीचा गहू घेणाऱ्या शेतकऱ्याला तांबेरा हा रोग माहीत असतो. पानांवर आणि खोडावर विटकरी-नारिंगी रंगाच्या बारीक पुटकुळ्या उठतात. हात लावला तर बोटाला तांबडी भुकटी लागते. दाणा भरत नाही आणि चिमटा राहतो. या रोगाला मराठीत दोन नावे आहेत. ‘तांबेरा’ हे तांब्यावरून आणि ‘गेरवा’ हे गेरूवरून. महाबळेश्वर येथे महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे जे संशोधन केंद्र आहे, त्याच्या नावात ‘गहू गेरवा’ हाच शब्द आहे.

रोमन शेतकऱ्याने या रोगाला नाव दिले ‘रोबीगो’. तो शब्द रुबेरच्याच कुळातला. त्याचा दुसरा अर्थ लोखंडावर चढणारा गंज. इंग्रजीतील ‘रस्ट’ हा शब्दही याच मुळाचा आणि त्याचेही हेच दोन अर्थ आहेत. रोमन लोक या रोगाला एवढे भीत, की त्यांनी त्याची देवताच कल्पिली. दरवर्षी २५ एप्रिल रोजी ‘रोबिगालिया’ नावाचा विधी होई. प्लिनी या रोमन लेखकाच्या मते तो नुमा राजाने सुरू केला आणि गव्हावर तांबेरा पडण्याचा हाच काळ असल्यामुळे ही तिथी ठरली. ओव्हिड या कवीने आपल्या ‘फास्ती’ या काव्यात या विधीचे वर्णन केले आहे. त्यात कुत्रा आणि मेंढी यांचा बळी देऊन पिकाला हात लावू नकोस, अशी प्रार्थना केली जाई. तांबड्या रोगाला शांत करण्यासाठी तांबूस रंगाच्या कुत्र्यांचा बळी दिला जात असल्याचे उल्लेखही रोमन साहित्यात सापडतात.

तांबेरा ही देवतेची अवकृपा नसून एक बुरशी आहे, हे १७६७ मध्ये फेलिचे फोंताना या इटालियन शास्त्रज्ञाने सूक्ष्मदर्शकाच्या साह्याने दाखविले. भारतात विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आग्ऱ्याचे करमचंद मेहता यांनी या बुरशीचा प्रवास शोधून काढला. मैदानी प्रदेशातील कडक उन्हाळा तिला सोसत नाही. ती डोंगराळ, थंड भागात तग धरते आणि तेथून वाऱ्याबरोबर पुन्हा खाली उतरते. दक्षिणेकडील निलगिरी आणि पळणीच्या डोंगरांतून ती उत्तरेकडे सरकते, हे त्यांच्या कामातून पुढे आले. रोगाला बळी न पडणारे गव्हाचे वाण काढण्याचे काम या ज्ञानावर उभे राहिले.

शेतकऱ्याच्या दृष्टीने येथे शब्दाचे महत्त्व काय? बुरशी हा शब्द माहीत नसतानाही रोमच्या आणि मराठवाड्याच्या शेतकऱ्यांनी या रोगाची मुख्य खूण अचूक हेरली होती, ती म्हणजे रंग. रोबीगो, रस्ट, तांबेरा, गेरवा या चारही नावांत निदान आहे. आज औषधांच्या बाटल्यांवर ‘रस्ट’ लिहिलेले असते आणि विक्रेताही तेच म्हणतो. पण ज्याला ‘तांबेरा’ हा शब्द ठाऊक आहे, त्याला काय पाहायचे ते शब्दच सांगतो. ‘रस्ट’ हा शब्द त्याला काहीच सांगत नाही. मराठीतील असा शब्द नाहीसा झाला, तर त्याबरोबर पाहण्याची एक सवयही जाते.

<b>शाईपासून लसीपर्यंत</b>

लॅटिनमध्ये तांबड्या मातीला, म्हणजे आपल्या गेरूला, ‘रुब्रीका’ म्हणत. रोमन कायद्याच्या ग्रंथांत प्रकरणांची शीर्षके या तांबड्या रंगाने लिहीत. त्यामुळे शीर्षकालाच रुब्रीका म्हणू लागले. पुढे ख्रिस्ती प्रार्थनाग्रंथांत प्रार्थना काळ्या शाईने आणि ती केव्हा, कशी म्हणावी याच्या सूचना तांबड्या शाईने लिहिण्याची प्रथा पडली. त्या सूचनांनाही हेच नाव मिळाले. आपल्या जुन्या हस्तलिखित पोथ्यांतही दंड, श्लोकांचे आकडे किंवा ‘उवाच’सारखे शब्द हिंगुळाने किंवा गेरूने रंगविलेले आढळतात. गरज एकच होती, वाचणाऱ्याची नजर थांबविण्याची. आज शाळांतील शिक्षकांना विद्यार्थ्यांचे मूल्यमापन करण्यासाठी निकषांचे जे तक्ते भरावे लागतात, त्यांना ‘रुब्रिक’ म्हणतात. त्या शब्दाच्या तळाशी गेरूचा खडा आहे, हे कोणी सांगितल्याशिवाय कळणार नाही.

रुबेरचे आणखीही वंशज आहेत. आपण ज्याला माणिक म्हणतो, ते रत्न युरोपात मध्ययुगीन लॅटिनमधून ‘रुबी’ झाले. १८६१ मध्ये बुन्सेन आणि किर्शहोफ या जर्मन शास्त्रज्ञांना वर्णपटात दोन गडद लाल रेषा दिसल्या. त्यावरून त्यांनी नव्या मूलद्रव्याला ‘रुबिडियम’ हे नाव दिले. गालांना लावायचे ‘रूज’ फ्रेंचमधून आले, आणि फ्रेंच ‘रूज’ हा लॅटिन ‘रुबेउस’चा नातू.

परंतु भारताशी सर्वांत जवळचे नाते आहे ते ‘रुबेला’चे. या आजाराला पूर्वी जर्मन भाषेतील एक उच्चाराला अवघड नाव होते. भारतात पसरलेल्या एका साथीचे वर्णन करताना हेन्री व्हील या ब्रिटिश लष्करी शल्यचिकित्सकाने १८६६ मध्ये त्यासाठी सुटसुटीत लॅटिन नाव सुचविले, रुबेला. अर्थ, ‘किंचित तांबडी’. अंगावर येणारे पुरळ फिकट तांबडे, ताप बेताचा, आजार चार दिवसांत बरा होणारा. नावातही सौम्यपणा आला. हा सौम्यपणा फसवा होता, हे कळायला आणखी पाऊण शतक जावे लागले. १९४१ मध्ये नॉर्मन ग्रेग या ऑस्ट्रेलियन नेत्रतज्ज्ञाच्या लक्षात आले, की मोतीबिंदू घेऊनच जन्मलेल्या अनेक बालकांच्या मातांना गरोदरपणात रुबेला झालेला होता. आईच्या अंगावर चार दिवस उमटलेली किंचित तांबडी खूण पोटातल्या मुलाची दृष्टी, श्रवण आणि हृदय यांवर जन्माचा घाला घालू शकते. म्हणूनच भारतात २०१७ पासून टप्प्याटप्प्याने गोवर-रुबेला लसीकरण मोहीम हाती घेण्यात आली. महाराष्ट्रात ती नोव्हेंबर २०१८ मध्ये सुरू झाली आणि नऊ महिने ते पंधरा वर्षे वयाच्या मुलामुलींना ही लस देण्यात आली. रंगाने ओळख पटते, पण धोक्याचे मोजमाप होत नाही, हा धडा या एका नावात दडलेला आहे.

<b>पैठणहून निघालेल्या गाड्या आणि ‘लाल समुद्र’</b>

रुबेरच्या कुळाशी मराठवाड्याचा संबंध केवळ शब्दांपुरता नाही. अंबड तालुक्याच्या दक्षिण सीमेवरून वाहणारी गोदावरी पैठणहून खाली येते. सातवाहनांच्या काळात पैठणचे नाव भूमध्य समुद्रापर्यंत पोचले होते. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका अनामिक ग्रीक व्यापाऱ्याने समुद्रमार्गांची एक माहितीपुस्तिका लिहिली. ‘पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी’ या नावाने ती प्रसिद्ध आहे. त्या नावातील ‘एरिथ्रियन’ हे ग्रीक ‘एरिथ्रोस’चे रूप, म्हणजे रुधिर आणि रुबेर यांचे सख्खे भावंड. रोमन लोक याच समुद्राला ‘मारे रुब्रुम’ म्हणत. आज आपण तांबडा समुद्र म्हणतो तो आणि त्यापलीकडचा अरबी समुद्र, हे दोन्ही त्या काळी या एकाच नावाखाली येत.

या पुस्तिकेत भडोच बंदरापासून दक्षिणेकडे वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तेथून पूर्वेला सुमारे दहा दिवसांच्या वाटेवर तगर, म्हणजे आजचे तेर, ही दोन मोठी व्यापारी शहरे असल्याचे सांगितले आहे. पैठणहून अकीकासारखे मौल्यवान दगड आणि तेरहून कापड गाड्यांवर लादून बिकट वाटांनी भडोचला नेत आणि तेथून ते जहाजांत चढत. आपल्या या भागाचा पश्चिमेकडील वाचकांसाठी लिहिलेला एक जुना व्यापारी वृत्तान्त अशा प्रकारे ‘तांबड्या समुद्रा’च्या नावाने ग्रथित झाला आहे. आफ्रिकेतील एरिट्रिया या देशाचे नावही याच ग्रीक शब्दावरून पडले. इटलीने १८९० मध्ये आपल्या वसाहतीला ते दिले.

<b>घरचाच शब्द हरवला</b>

रुबेरची मुले जगभर पसरली, पण त्याच्या स्वतःच्या घरात त्याचे काय झाले? लॅटिनपासून निघालेल्या आजच्या भाषांत ‘लाल’साठी रुबेर हा शब्द जसाच्या तसा मुख्य शब्द म्हणून फारसा उरला नाही. इटालियन ‘रोस्सो’ आणि स्पॅनिश ‘रोखो’ हे त्याच्या ‘रुस्सुस’ या चुलत रूपावरून आले. फ्रेंच ‘रूज’ हा ‘रुबेउस’वरून आला. त्याच रुबेउसचे स्पॅनिशमध्ये ‘रुबिओ’ झाले, पण त्याचा अर्थ आज ‘सोनेरी केसांचा’ असा होतो. म्हणजे एकाच आजोबांचा एक नातू फ्रान्समध्ये लाल राहिला आणि दुसरा स्पेनमध्ये पिवळा झाला. रुमानियन भाषेने गुलाबाच्या रंगाचा शब्द घेतला.

गोव्यावर ज्यांनी साडेचारशे वर्षे राज्य केले, त्या पोर्तुगीजांनी तर वेगळीच वाट धरली. त्यांच्या भाषेत लाल म्हणजे ‘व्हर्मेल्यु’. तो लॅटिन ‘वेर्मिकुलुस’वरून आला आणि त्याचा अर्थ ‘लहान किडा’. कारण उघड आहे. एका किड्यापासून उत्तम लाल रंग काढीत. मराठी वाचकाला हे विचित्र वाटू नये, कारण आपल्या ‘किरमिजी’ रंगाची कथाही हीच आहे. फारसीतून आलेल्या या शब्दाच्या मुळाशी ‘कृमी’ हाच शब्द आहे आणि इंग्रजीतील ‘क्रिम्झन’ त्याचाच प्रवासी भाऊ. लाखेचा रंगही किड्याचाच. शेंदरी शेंदरावरून, डाळिंबी डाळिंबावरून, गुलाबी गुलाबावरून, तांबडा तांब्यावरून आला. ‘लाल’ हा शब्द फारसीतून आला असे मानले जाते, आणि तेथेही त्याचा संबंध माणकाशी आहे. रंगासाठी वस्तूकडे हात पसरण्याची सवय लिस्बनपासून अंबडपर्यंत सारखीच आहे.

<b>सारखे दिसते ते सारेच सगे नव्हे</b>

शब्दांची नाती जुळविताना उत्साहाला आवर घालणे फार आवश्यक असते. ‘रुधिर’ आणि ‘रक्त’ हे समानार्थी, दोन्हींची सुरुवात ‘र’ने, म्हणून ते एका कुळातील असावेत असे वाटेल. पण तसे नाही. ‘रक्त’ हा ‘रञ्ज्’ या धातूपासून झालेला शब्द. त्याचा मूळ अर्थ ‘रंगविलेले’. रंग, राग, अनुराग, विरक्त ही त्याची भावंडे. लॅटिनमधील गुलाबाचा शब्द ‘रोझा’ हाही रुबेरचा कोणी नाही. तो पूर्वेकडून आलेला असावा आणि फारसी ‘गुल’शी त्याचे दूरचे नाते असावे, असा अभ्यासकांचा कल आहे. ते खरे असेल, तर आपला ‘गुलाब’ आणि इंग्रजांचा ‘रोझ’ दिसायला एकमेकांपासून कितीही दूर असले तरी मुळात एक ठरतात, आणि ‘रोझ’ व ‘रेड’ जवळ दिसूनही परके ठरतात. कान फसवतात, नियम फसवीत नाहीत.

दुसरा मोह याहून मोठा आहे. संस्कृत आणि लॅटिन शब्दांतील साम्य दाखविले, की ‘म्हणजे लॅटिन आपल्यापासूनच निघाली’ असा निष्कर्ष काढण्याची घाई होते. रुबेर आणि रुधिर यांचा पुरावा तसे सांगत नाही. लॅटिनमधील ‘ब’ संस्कृतातील ‘ह’ किंवा ‘ध’पासून झालेला नाही आणि संस्कृतातील शब्दही लॅटिनमधून आलेले नाहीत. २ फेब्रुवारी १७८६ रोजी कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीत भाषण करताना विल्यम जोन्स यांनी सुचविले होते, की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या एखाद्या समान उगमापासून निघालेल्या असाव्यात आणि तो उगम कदाचित आज अस्तित्वातही नसेल. गेल्या दोनशेहून अधिक वर्षांच्या अभ्यासाने हाच विचार पक्का केला आहे. या भाषा मायलेकी नसून बहिणी आहेत. बहीण म्हणविण्यात संस्कृतचा मान तसूभरही कमी होत नाही. उलट ‘ध’सारखे कित्येक जुने ध्वनी तिने जपले म्हणूनच लॅटिनमधल्या ‘ब’चा उगम शोधता आला.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. त्यानंतर मराठीच्या प्राचीनतेविषयी लोकांत आस्था वाढली, ही समाधानाची गोष्ट आहे. ही आस्था टिकाऊ व्हायची असेल, तर तिला व्युत्पत्तीच्या शिस्तीची जोड हवी. त्यासाठी दूर जावे लागत नाही. तांबेरा, गेरवा, पाजविणे, ऐरण, किरमिजी असे शब्द अजून ज्यांच्या तोंडी आहेत, ती माणसे अंबडसारख्या तालुक्यांत आहेत. लोहाराचा भाता थंडावत चालला आहे आणि त्याच्याबरोबर त्याचे शब्दही. शाळेतील मुलांनी आपल्या गावातील रंगांची, रोगांची आणि अवजारांची नावे वयस्कर माणसांना विचारून लिहून काढली, तर कोशकारांना आजही नवे काही हाती लागेल. कारण हरवण्यापूर्वी शब्द लिहून ठेवला गेला, तरच त्याचे गोत्र पुढे कोणाला तरी सांगता येते. रुबेरचे सांगता आले, ते तो आणि त्याची भावंडे आपापल्या भाषांत लिहून ठेवली गेली होती म्हणूनच.